जानेवारी १९४७ : शिकणाऱ्या नवराबायकोचा संसार

तिळगूळ खाऊन झाला, हळदीकुंकवाची वाणं अजून रथसप्तमीपर्यंत चालतील. सण संपत आला की घर कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. डबे रिकामे, हातात पैसा नाही, पोरांच्या परीक्षा तोंडावर आणि पहाटेची थंडी मात्र जायचं नाव घेत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या बचत गटाच्या मीटिंगला एका ताईंनी मोबाइल सगळ्यांत फिरवला. त्यांचा मुलगा आणि सून, दोघंही अमेरिकेत शिकायला आहेत. नाताळची सुट्टी संपून कॉलेज परत सुरू झालेलं. सून दाखवत होती, “मावशी, बघा, बाहेर वजा अठरा आहे.” खिडकीबाहेर नुसतं पांढरं. मग तिने त्यांची एवढीशी खोली दाखवली. तळघरातली कपडे धुवायची मशिनं दाखवली. ती सगळ्या बिऱ्हाडांना मिळून चार होती. विद्यापीठाने लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी बांधलेली ही बिल्डिंग.

आमच्यातल्या एकीने पटकन विचारलं, “विद्यापीठ नवराबायकोला घर देतं? आपल्याकडे होस्टेलला सख्खा भाऊ भेटायला आला तरी गेटवर थांबवतात!”

सगळ्या हसल्या. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. शाळा-कॉलेजच्या आवारात संसार मांडायची ही रीत आली कुठून? आज तेच सांगायचं आहे. गोष्ट आहे १९४७ सालची, अमेरिकेतल्या अशाच एका कडाक्याच्या जानेवारीतली.

आधी एक सांगते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेतसुद्धा ही रीत नव्हती. कॉलेज म्हणजे अठरा ते बावीस वर्षांची, बहुतेक बऱ्या घरची, बिनलग्नाची पोरं. शिकता शिकता कुणी लग्न केलं तर कित्येक कॉलेजांत नाव काढून टाकत, नाहीतर आधी परवानगी घ्यावी लागे. शिक्षण एकीकडे, संसार दुसरीकडे.

मग युद्ध आलं. अमेरिकेतले १ कोटी ६० लाख लोक सैन्यात गेले. त्यात साडेतीन लाखांच्या आसपास बायकाही होत्या. युद्ध संपायच्या आधीच सरकारला घोर लागला, की एवढी माणसं एकदम परत आली तर त्यांना काम कुठून द्यायचं? पहिल्या महायुद्धाच्या शिपायांचा अनुभव ताजा होता. १९३२ साली मंदीत उपाशी मरायची वेळ आलेले हजारो जुने शिपाई आपले पैसे मागायला बायकापोरांसह वॉशिंग्टनला येऊन बसले होते. सरकारने त्यांच्यावरच लष्कर घातलं आणि झोपड्या पेटल्या. तसं पुन्हा व्हायला नको म्हणून २२ जून १९४४ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. लोक त्याला ‘जीआय बिल’ म्हणतात. जीआय म्हणजे साधा शिपाई.

या कायद्याने शिपायाला घरासाठी कर्ज मिळायचं, बेकारी भत्ता मिळायचा, आणि शिकायचं असेल तर फी. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी सरकार भरणार. त्या काळी देशातल्या सगळ्यात मोठ्या कॉलेजची फीसुद्धा त्यात बसत होती. वर महिन्याला पोटापाण्यासाठी भत्ता. सुरुवातीला एकट्याला ५० आणि बायकापोरं असतील तर ७५ डॉलर. १९४५ च्या अखेरीस तो वाढवून ६५ आणि ९० केला.

कायदा करणाऱ्यांना वाटलं, थोडेथोडके लोक शिकायला जातील. काही मोठे विद्वान तर नाराजच होते. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख हचिन्स यांनी लिहिलं की अशाने कॉलेजं म्हणजे रिकामटेकड्यांचे तळ होतील. प्रत्यक्षात काय झालं? २२ लाख शिपाई कॉलेजांत गेले. १९४७ साली अमेरिकेतल्या कॉलेजांत बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्मे हे युद्धावरून आलेले होते. आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांची लग्नं झालेली होती. पुष्कळांना मूल होतं, किंवा होणार होतं.

आता सांगा, अशा माणसाला होस्टेलच्या खोलीत तीन पोरांबरोबर कसं ठेवणार? आणि बायकोला काय सांगणार, चार वर्षं माहेरी राहा म्हणून? त्या बायकांनी आधीच तीन-चार वर्षं वाट बघण्यात काढली होती. पुष्कळांचं लग्न झालं आणि नवरा आठवड्याभरात बोटीवर चढला. नवरा कसा घोरतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, आम्ही बरोबर येणार. आणि आल्या.

घरं मात्र नव्हती. युद्धाच्या काळात देशात घरबांधणीच थांबली होती. मग सरकारने एक सोपी गोष्ट केली. युद्धासाठी उभं केलेलं जे जे पडून होतं, ते उचलून कॉलेजांच्या आवारात आणून टाकलं. दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायची चाकांची घरं. सैनिकांच्या बराकी. आणि क्वॉनसेट हट नावाची पत्र्याची घरं. ही कशी दिसायची? पत्र्याचं मोठं पिंप मधोमध उभं चिरून अर्धं जमिनीवर पालथं घाला, तशी. आपल्याकडची पॉलिहाऊस बघितली आहेत ना, तोच आकार, फक्त प्लास्टिकच्या जागी पत्रा. भिंतच गोल असल्यामुळे कपाट कुठे टेकवायचं हा रोजचा प्रश्न. आयोवा राज्यातल्या एम्स गावी कॉलेजच्या कडेला ‘पॅमल कोर्ट’ नावाची अशी वसाहत १९४६ साली उभी राहिली. दोन-चार वर्षांपुरती म्हणून केली होती. तात्पुरतं म्हणून जे करतात ते किती टिकतं हे आपल्याला सांगायला नको. त्या वसाहतीतली शेवटची घरं पाडायला नवं शतक उजाडावं लागलं.

साखर कारखान्यावर ऊसतोडीच्या टोळ्या येतात तेव्हा चार दिवसांत कोप्यांचं गाव उभं राहतं, तसं समजा. फरक एवढाच की इथे संध्याकाळी कोपीत कोयते धुवायचे नसून पुस्तकं उघडायची होती.

यातलं एक गाव मला विशेष सांगावंसं वाटतं. विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन शहरात मोठं विद्यापीठ आहे. युद्धानंतर तिथली विद्यार्थी संख्या दुपटीने वाढली. शहरात जागाच उरली नाही. तेव्हा लग्न झालेल्या विद्यार्थ्यांना पाठवलं ३५ मैलांवर, बॅराबू गावाजवळ. ३५ मैल म्हणजे साधारण ५५ किलोमीटर, आपल्या सातारा-कराडएवढं. तिथे तोफांची दारू बनवायचा सरकारी कारखाना होता, आणि त्याच्या कामगारांसाठी घाईघाईत बांधलेल्या लांबलचक बराकी. त्यांचं नाव ठेवलं ‘बॅजर व्हिलेज’. जाता जाता सांगते, त्या कारखान्यासाठी १९४२ साली दहा हजार एकर शेतजमीन शेतकऱ्यांकडून काढून घेतली होती. त्याहीआधी ती हो-चंक आदिवासींची भूमी. धरणाखाली गाव गेलेल्या आपल्या बायांना हे ऐकताना काय वाटेल ते मला माहीत आहे. पण ती कहाणी परत कधीतरी.

तर १९४७ चा जानेवारी. नाताळची सुट्टी नुकतीच संपलेली. ज्यांना जमलं ते गावी आईबापाकडे जाऊन आले, येताना मुरंबे-लोणच्याच्या बाटल्या आणि जुने स्वेटर घेऊन आले. बाकीच्यांनी तिथेच चिमुकलं झाड सजवलं. सुट्टी संपली की लगेच काय होतं, तर परीक्षा. तेव्हाचं तिथलं वेळापत्रक असं होतं की पहिलं सत्र नाताळाच्या आधी संपत नसे. सुट्टीवरून यायचं, दोन-तीन आठवडे उरलेला अभ्यास करायचा आणि जानेवारीच्या अखेरीस पेपर द्यायचे. म्हणजे वर्षातली सगळ्यात वाईट थंडी, सगळ्यात रिकामा खिसा आणि सगळ्यात मोठी परीक्षा, तिन्ही एकाच महिन्यात.

अशा वसाहतीतला एक दिवस सांगते. हा कुणा एकीचा नाही, असे दिवस तिथे घरोघर होते.

सकाळी साडेसहा. बाहेर अंधार, तिकडे जानेवारीत सूर्य साडेसातला उगवतो. शेगडी रात्रीतून विझलेली. खोलीच्या मधोमध तेलाची किंवा कोळशाची एकच शेगडी. तिच्याजवळ बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारठते. जमीन इतकी थंड की बाळाला खाली सोडायची सोय नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला, खिळ्यांच्या डोक्यांवर दव गोठलेलं. ती उठते, शेगडी पेटवते. ज्या ट्रेलरमध्ये नळ नाही तिथे बादली घेऊन सामायिक नळावर जायचं. नळ, मोरी, संडास सगळं वसाहतीच्या मधोमध एका इमारतीत. रात्री गरोदर बाईलासुद्धा कोट-बूट चढवून बर्फातून तिथवर जावं लागे. मैत्रिणींनो, हागणदारीमुक्त गाव योजनेच्या आधी आपण काय काय भोगलं ते आठवा, आणि वर वजा वीस अंश थंडी घाला.

नवरा डबा घेऊन विद्यापीठाच्या बसला पळतो. दिवसभर तास, प्रयोगशाळा, लायब्ररी. तो परत येतो तेव्हा पुन्हा अंधार. तो शहर बघतो, माणसं बघतो, नवीन काही शिकतो. ती दिवसभर त्या माळावर, गाडी नाही, दुकान एकच, शेजारी पातळ भिंतीपलीकडे. भिंती एवढ्या पातळ की पलीकडच्या घरातलं बाळ रडलं की हिच्या बाळाला जाग यायची.

बाळं तर घरोघर. १९४६ साली अमेरिकेत ३४ लाख मुलं जन्मली, १९४७ साली ३८ लाख. तेव्हा आजच्यासारखे फेकून द्यायचे डायपर नव्हते, कापडी लंगोट होते. धुवायचे सामायिक ठिकाणी, पाळी लावून. वाळत घालायचे बाहेर दोरीवर. ओले लंगोट दोरीवर टाकले की थोड्या वेळात पत्र्यासारखे कडक व्हायचे. मग ते तसेच कडक घरात आणायचे आणि शेगडीभोवती दोऱ्या बांधून परत टांगायचे. त्या दोऱ्यांखाली टेबल, टेबलावर नवऱ्याची पुस्तकं. गणित सोडवताना वर लंगोट ठिबकतोय.

पैशाचं बघू. महिन्याला ९० डॉलर. तेव्हाच्या दराने आपले तीनशे रुपये होतात, ऐकायला मोठी रक्कम वाटते, पण तिथली महागाई तिथली. ट्रेलरचं भाडं २५ डॉलरच्या आसपास. मग शेगडीचं तेल, दूध, बाळाचं औषध. १९४६ च्या ऑक्टोबरात सरकारने मांसावरचा भावाचा बांध उठवला आणि दर उसळले. साखर अजून रेशनवरच होती. ती थेट जून १९४७ मध्ये मोकळी झाली. म्हणजे नाताळात केक केला असेल तर जानेवारीत चहा-कॉफी बिनसाखरेची. त्यात सरकारी चेक वेळेवर यायचा नाही. कॉलेजात गर्दी एवढी की कागद पुढे सरकायला महिना-दोन महिने लागत. विधवा पेन्शनसाठी, निराधार योजनेसाठी तहसीलला चकरा मारलेल्या बायांना हे नवीन नाही. चेक येईपर्यंत दुकानात उधारी, नाहीतर शेजारणीकडून.

शेजारणी हाच खरा आधार होता, आणि इथे मला आपल्या गटांची आठवण येते. या वसाहतींत बायकांनी पटापट आपली आपली व्यवस्था लावली. कुठे सहकारी दुकान काढलं, म्हणजे शहरातून माल घाऊक आणायचा आणि कमी नफ्यात विकायचा. मुलं सांभाळायची अदलाबदल केली. आज तू माझं बाळ दोन तास बघ, उद्या मी तुझं बघते. हिशेब पैशाचा नाही, तासांचा. शिवणयंत्र एकीचं, कपडे चौघींचे. बाळाचे कपडे तर एका घरातून दुसऱ्या घरात फिरतच राहायचे. वसाहतीचं कामकाज बघायला निवडणूक घेऊन पंच नेमायचे, काही ठिकाणी चक्क ‘महापौर’ म्हणायचे. रस्त्यावरचा बर्फ कोण काढणार, नळ गोठला तर कुणाला कळवायचं, रात्री आरडाओरड किती वाजेपर्यंत चालेल, सगळे ठराव.

नवरे काही करायचे का? करायचे. युद्धात स्वतःचं अंथरूण स्वतः घालायची, मोजे स्वतः धुवायची सवय लागलेली होती. बायको नोकरीला गेली की पुष्कळ घरांत बाळ नवऱ्याकडे. मार्गारेट बर्क-व्हाइट ही त्या काळची नावाजलेली छायाचित्रकार. चरख्याजवळ बसून वाचणाऱ्या गांधीजींचं ते प्रसिद्ध छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल, ते तिनेच १९४६ साली काढलं. त्याच बाईने १९४७ मध्ये आयोवा विद्यापीठात जाऊन या शिपाई-विद्यार्थ्यांचे फोटो काढले आणि ते लाइफ मासिकात छापून आले. असे फोटो बघून अमेरिकेतल्या सासवांनी नाकं मुरडली असतील, माझी खात्री आहे.

तरीही शिकत होता तो, आणि ते चालवत होती ती. ज्यांना लहान मूल नव्हतं अशा बहुतेक जणी नोकरीला लागल्या. विद्यापीठाच्याच कचेरीत टायपिस्ट, दुकानात विक्रेती, दवाखान्यात नर्स, शाळेत मास्तरीण. कित्येकदा तिचा पगार सरकारी भत्त्यापेक्षा जास्त असायचा. दिवसभर साहेबाची पत्रं टाइप करायची, घरी येऊन स्वयंपाक, आणि रात्री नवऱ्याचा प्रबंध टाइप करायचा. शंभर-दीडशे पानं, एक अक्षर चुकलं की पान परत. कार्बन लावून प्रती काढायच्या. त्या प्रबंधांतले शब्द त्यांना तोंडपाठ असणार. मातीत नत्र किती लागतं, पूल किती वजन पेलतो, सगळं.

जानेवारीच्या शेवटी परीक्षेचे दिवस आले आणि त्याच वेळी, २८ ते ३० जानेवारी १९४७ ला, विस्कॉन्सिनच्या आग्नेय भागावर मोठं हिमवादळ कोसळलं. मिलवॉकी शहरात ट्राम आणि बस जागच्या जागी गाडल्या गेल्या, दुकानं-कारखाने बंद पडले. वाऱ्याने रचलेले बर्फाचे ढीग कुठे कुठे माणसाच्या दुप्पट उंचीचे. असं वादळ सुटलं की पत्र्याच्या आणि डांबरी कागदाच्या घरात बसून काय करायचं? उधार आणलेलं तेल मोजून जाळायचं. दोन घरांनी एका शेगडीपाशी जमायचं. आणि अभ्यास करायचा, कारण पेपर रद्द होईल की नाही ते कुणालाच माहीत नाही.

निकाल मात्र चांगले लागले. ज्यांना विद्वानांनी रिकामटेकडे म्हटलं होतं, त्यांनी सगळ्यांना मागे टाकलं. शिपायांचे गुण इतर पोरांपेक्षा बरे, आणि त्यातही लग्न झालेल्यांचे चांगले, असं अनेक विद्यापीठांना दिसलं. हार्वर्डचे प्रमुख कोनंट आधी या कायद्याबद्दल साशंक होते, नंतर त्यांनी आपलं मत बदलल्याचं उघड सांगितलं. अमेरिकेला त्या वर्षांनी लाखो इंजिनिअर, शिक्षक, डॉक्टर दिले. देशाचा मध्यमवर्ग त्या पत्र्याच्या घरांतून बाहेर पडला असं म्हणतात, आणि ते खरं आहे.

खरं आहे, पण सगळं नाही. मला अडकायला होतं ते इथे.

१९४० साली अमेरिकेत पदवी घेणाऱ्या शंभरांत चाळीसच्या वर मुली होत्या. दहा वर्षांनी, १९५० साली, शंभरांत चोवीस. म्हणजे ज्या दहा वर्षांत एवढी माणसं शिकली, त्याच दहा वर्षांत बायकांचा वाटा जवळजवळ निम्म्यावर आला. कारणं काही गुपित नाहीत. शिपायांची रांग लागली म्हणून पुष्कळ कॉलेजांनी मुलींच्या जागा कमी केल्या. कायदा शिपायासाठी होता आणि शिपाई बहुतेक पुरुष. सैन्यात गेलेल्या साठ हजारांहून जास्त बायका त्या कायद्यावर शिकल्या हेही खरं, पण २२ लाखांत त्या कितीशा? आणि राहिलेलं काम घरांनी केलं. ज्या मुली स्वतः कॉलेजात होत्या त्यांनी दोन-तीन वर्षं झाल्यावर लग्न केलं, नवऱ्याचं पूर्ण होऊ दे, मग माझं बघू म्हणाल्या. ते ‘मग’ आलंच नाही.

आणखी एक. काळ्या शिपायांनाही तोच कायदा लागू होता, कागदावर. पण दक्षिणेत काळ्या लोकांची कॉलेजं वेगळी, थोडी आणि आधीच भरलेली. गोऱ्यांच्या कॉलेजात त्यांना दार बंद. कायदा सगळ्यांसाठी आणि अंमलबजावणी गावच्या कारभाऱ्यांच्या हातात असली की काय होतं ते आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

बायकांना काहीच मिळालं नाही असंही नाही हं. एक कागद मिळाला. पुढे काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या बायकांच्या मंडळांनी एक प्रथा काढली. नवऱ्याला पदवी मिळाली की बायकोलाही समारंभ करून एक सर्टिफिकेट द्यायचं. त्यावर तीन अक्षरांची पदवी, पीएचटी. मोठ्या पीएचडीसारखी दिसावी म्हणून. तिचा अर्थ ‘नवऱ्याला पार करवणारी’. काही ठिकाणी त्यावर विद्यापीठाच्या बड्या अधिकाऱ्याची सहीसुद्धा असे. बायका नटूनथटून जात, टाळ्या वाजत, चहा होई. पुष्कळींनी तो कागद जपून ठेवला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. मग उठून आमच्या बैठकीतल्या भिंतीकडे बघितलं. तिथे मिस्टरांच्या डी.एड.ची फ्रेम आहे. ते डी.एड. करत होते तेव्हा दोन वर्षं मी तीन म्हशींचं दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला घातलं. त्यांची खोली, मेस, पुस्तकं, सगळं त्या दुधाच्या पगारातून. त्यांच्या पाठाच्या वह्यांना कव्हरं मी घातली, तक्ते मी रंगवले. माझं शिक्षण तेव्हा दहावी. फ्रेम धुळीने माखते म्हणून दर दिवाळीला पुसायचंही मीच. मला राग नाही, माणूस चांगला आहे. पण त्या दिवशी जरा वेळ बघत राहिले खरी.

त्या अमेरिकन बायकांचं पुढे काय झालं? बऱ्याच जणींचं बरं चाललं, स्वतःचं घर झालं, कपडे धुवायचं स्वतःचं मशिन आलं. म्हाताऱ्या झाल्यावर यातल्या पुष्कळ जणी सांगायच्या की ती पत्र्याच्या घरातली वर्षं आयुष्यातली सगळ्यात आनंदाची होती. सगळेच गरीब होते, म्हणून कुणाला गरिबीची लाज नव्हती. माझा यावर विश्वास बसतो. पण दुसरीही गोष्ट घडली. मुलं शाळेत जायला लागली, मोठी झाली, आणि चाळिशीतल्या या बायकांना आपलं अर्धं राहिलेलं कॉलेज आठवायला लागलं. १९६० साली मिनेसोटा विद्यापीठाने खास अशा बायकांसाठी परत शिकायला यायची योजना सुरू केली. कुठला विषय घ्यावा, मुलांची वेळ सांभाळून तास कसे जमवावेत, हे समजावून सांगायला माणसं नेमली. बायका आल्या. केस पिकायला लागलेल्या, पोरींच्या वयाच्या मुलींशेजारी बाकावर बसलेल्या. मग इतर विद्यापीठांनीही तसं केलं.

आमच्या गटातल्या ताईंच्या सुनेला मी परवा फोनवर हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मागे मशिनचा घरघराट. म्हणाली, “मावशी, आमचं वेगळं आहे. दोघांचीही ॲडमिशन आहे, दोघांनाही स्टायपेंड आहे.” मी म्हटलं, चांगलं आहे. आणि स्वयंपाक? ती हसली. फ्रिजवर लावलेला कागद तिने कॅमेऱ्यासमोर धरला. आठवड्याचे सात दिवस, दोघांची नावं, कोण कधी भांडी, कोण कधी कपडे, कोणाचा पेपर कधी. बुधवारी नवऱ्याच्या नावापुढे ‘पोळ्या’ लिहिलं होतं. “येतात का त्याला?” “नकाशे येतात,” ती म्हणाली.

मैत्रिणींनो, दहावीनंतर शाळा सुटलेल्या बाईला बारावी बाहेरून देता येते. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो दरवर्षी बोर्डाने ठरवून दिलेल्या मुदतीतच भरता येतो, जवळच्या हायस्कूल-ज्युनिअर कॉलेजात विचारा, शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. मी यंदा भरला आहे. फेब्रुवारीत पेपर आहेत. इतिहास बरा होतोय, इंग्रजीची भीती आहे. म्हशी आता दोनच आहेत, आणि सध्या संध्याकाळची धार मिस्टर काढतात. पहिल्या दिवशी म्हैस त्यांना जवळ येऊ देईना, माझं लुगडं खांद्यावर घेऊन गेले तेव्हा कुठे उभी राहिली.